ट्रॉलीची मान आणि वहिनीचं माहेर

कॅम्पर पिकअपच्या हौद्यात बसवायचा, की मागे ट्रॉली जोडून तिच्यावर ठेवायचा, ह्या एका प्रश्नावर मी निवृत्तीनंतरचे तीन महिने घालवले. जन्मभर भूमिती शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न मिळाला की तो लवकर सुटू नये असंच वाटतं. जेवताना ताटातली लिंबाची फोड माझी ट्रॉली व्हायची आणि चटणीचा गोळा म्हणजे वाटेवरचं वळण. बायको म्हणायची, "वरण गार होतंय. गाडी नंतर फिरवा."

कॅम्पर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आमच्या पावस गावाच्या बाजूला तो बघायला आलेल्या प्रत्येकाला मला ते सांगावं लागलं आहे. कॅम्पर म्हणजे चाकं नसलेली छोटी खोली. ती पिकअपच्या हौद्यात बरोबर मावते. आत निजायला दोन बाकं, गॅसची शेगडी, हात धुवायचं बेसिन, आणि एक कपाट, ज्यात उभं राहून आंघोळ करता येते असं विकणाऱ्याचं म्हणणं होतं. मुंबईच्या एका गृहस्थांनी तो हौसेनं बनवून घेतला होता. दोनदा फिरले आणि त्यांच्या बायकोनं कानाला खडा लावला. मी तो जुना घेतला. पिकअप घरात होतीच, कलमांच्या बागेसाठी घेतलेली.

घेताना घरात कारण सांगितलं ते वहिनीचं. ते कारण तेव्हा खरं होतं. हे मी आजही पुन्हा पुन्हा सांगत असतो, कुणी विचारलेलं नसताना. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, एका हातानं चड्डी धरून फिरणारा, आणि रीतीप्रमाणे ती मला भावजी म्हणायची. "भावजी, तुमी आधी नाक पुसा न् मग जेवायला बसा." माझी आई दोन वर्षांनी गेली आणि त्यानंतर मला वाढवलं ते वहिनीनं. त्या दोघांना मूल झालं नाही. भावाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. वाटणीत खालचं घर त्यांच्याकडे आणि वरचं घर नि बाग माझ्याकडे आली, पण दोन्हींत हाकेचं अंतर. तोंडावर मी तिला तुम्ही म्हणतो. मनात ती कायम 'ती'च आहे.

तीन वर्षांपूर्वी ती विहिरीच्या पायरीवरून घसरली. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण गुडघा काही पुन्हा वाकला नाही. पाय फळीसारखा सरळ राहिला. त्यात कंबर गेलेली. अर्धा तास बसली की पायाला मुंग्या येतात आणि मग कळा सुरू होतात, आडवं झाल्याशिवाय थांबत नाहीत. भाड्याच्या मोटारीत मागच्या सीटवर आडवी करून पाहिली तर पाय दरवाजाबाहेर जातो.

तिचं माहेर दापोलीच्या पलीकडे, समुद्राकाठी. तिथे तिचा एकच भाऊ, ऐंशी ओलांडलेला, खाटेवरून न उठणारा. दर रविवारी त्यांचा फोन व्हायचा. दोघंही कानानं कमी, त्यामुळे स्पीकर लावून बोलायची, आणि वरच्या घरातल्या आम्हालाही ते सगळं ऐकू यायचं. भाऊ म्हणायचा, "बाय, एकदा येऊन जा. मला काय आता तुझ्याकडे येता येत न्हाय." ती म्हणायची, "येतंय रे दादा, कायतरी जुळू दे." बायकोनं एकदा सुचवलं की अँब्युलन्स करून नेऊ. वहिनी म्हणाली, "माहेरी अँब्युलन्समधनं उतरले तर मला बघायच्या आधी वाडी रडायला बसेल." ते खरंच होतं.

तर कॅम्परची जाहिरात बघितली तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं ते हेच, की त्या लांब बाकावर वहिनी पाय सरळ करून निजेल, बायको शेजारच्या बाकावर बसेल, आणि मी पुढे गाडी चालवीन. सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाला माहेर. मी तिला तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिनं बाकाच्या मापाची गोधडी शिवायला घेतली होती.

इथे थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण कॅम्पर हौद्यात बसवायचा म्हणजे चार कोपऱ्यांना चार जॅक लावून तो उचलायचा, खाली पिकअप मागे घ्यायची, आणि तो सूतभरही न चुकता खाली उतरवायचा. अर्धा दिवस जातो आणि शेजारच्या दोन गड्यांना बोलवावं लागतं. मोसमात पिकअप रोज आंब्याच्या पेट्या घेऊन जाते. म्हणजे कॅम्पर फेब्रुवारीपासून जूनपर्यंत अंगणात विटांवर. ते मला बघवेना. नवं खेळणं कपाटात ठेवायला सांगितलेल्या पोरासारखी माझी अवस्था झाली होती, आणि मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो.

मग ट्रॉलीचा शोध सुरू झाला. भाट्याच्या खाडीकाठी एकाची वेल्डिंगची शेड आहे. घर मच्छीमारांचं, स्वतः होड्या किनाऱ्यावर ओढायच्या ट्रॉल्या बनवतो. माझाच विद्यार्थी, भूमितीत दोन वेळा नापास झालेला. आता पन्नाशीला आलाय आणि त्याच्या हातचा काटकोन गुण्यापेक्षा खरा असतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "मास्तर, खोली हाय तिथंच ऱ्हाऊ दे, हौद्यात. मागं पाहिजे तर बारकी ट्रॉली लावून देतो, सरळ दांडीची. स्कूटर ठेवा, खुर्च्या ठेवा. गाडीच्या चाकामागनं गुपचूप येते."

मला गुपचूप येणारं काही नकोच होतं. मी त्याच्यापुढे कागद पसरले. गूजनेक नावाचा ट्रॉलीचा एक प्रकार असतो. तिची दांडी पिकअपच्या मागच्या हुकात अडकत नाही. ती वर उठते, बगळ्यासारखी मान वाकवून हौद्यात शिरते, आणि हौद्याच्या मधोमध, मागच्या चाकांच्या बरोबर वर बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकते. त्यामुळे ट्रॉलीचा जो भार पिकअपवर येतो तो शेपटीवर न लोंबता थेट चाकांवर येतो. घाटात ती हेलकावत नाही. वर लांबरुंद फलाट मिळतो, त्यावर कॅम्पर कायमचा पक्का करायचा, पुढे चार हात जागा उरते तिथे ओटीसारखं बसायचं. आणि मान सोडवली की दहा मिनिटांत पिकअप पेट्या भरायला मोकळी. मी त्याला हे सगळं आकृती काढून, बिंदूंना नावं देऊन समजावलं. तो वर्गात बसायचा तसाच बसून होता.

शेवटी म्हणाला, "म्हंजे एक तर खोली हौद्यात, न्हायतर बगळ्याची मान हौद्यात."

"बरोबर. दोन्ही एका वेळी नाही."

"आणि वहिनीबाईंना न्यायचं म्हणत होतात ना माहेरी?"

"हो. ट्रॉलीवरच्या कॅम्परमध्ये निजतील."

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "ट्रॉलीत माणूस नसतो, मास्तर. ट्रॉलीत माल असतो. चालू गाडीत मागच्या ट्रॉलीत माणूस बसवायला कायद्यानं परवानगी न्हाय, आणि मी पण देणार न्हाय. पुढं तुमी, मागं ती. तिकडं काय झालं तर तुमाला हाक तरी येईल काय?"

मी म्हणालो, "माहीत आहे मला."

माहीत नव्हतं. त्या क्षणी कळलं होतं. पण माजी विद्यार्थ्यासमोर, आणि तोही भूमितीत नापास झालेला, मला नाही म्हणता आलं नाही. घरी येऊन मी नियम शोधून वाचले. तो अक्षरशः बरोबर होता. हौद्यात पक्का बसवून रीतसर नोंद केलेल्या कॅम्परची गोष्ट वेगळी. ओढून न्यायच्या ट्रॉलीत, ती चालत असताना, माणूस ठेवायचा नाही. त्यात मला काही शंका उरली नाही. मी मोबाइल बंद केला आणि दुसऱ्या दिवशी त्याला फोन करून सांगितलं की गूजनेकच बनव. मनाशी म्हटलं, वहिनीचं बघू काहीतरी. ते काहीतरी काय, हे मी स्वतःला विचारलं नाही. आयुष्यभर पोरांना पायऱ्या लिहायला लावल्या आणि स्वतःची वेळ आली तेव्हा मधली पायरी गाळली.

बायकोला सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर ट्रॉली झालीच नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आता वळणाचं. आमच्याकडे रस्त्यावरून वर यायला एक निमुळती वाट आहे, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडांचे गडगे. गडगा म्हणजे चुना-सिमेंट न लावता दगडावर दगड रचून केलेली हातभर रुंदीची भिंत. वहिनीच्या घराशी वाट काटकोनात वळते आणि त्या आतल्या कोपऱ्यावर वहिनीच्या परड्याचा गडगा. साधी ट्रॉली गाडीमागून बऱ्यापैकी तिच्याच वाटेनं येते. गूजनेकचा दोष असा की तिची मागची चाकं वळणावर आत दाबतात, कोपरा कापतात. मी ग्राफपेपरवर काढून पाहिलं, काथ्याची दोरी धरून वाटेवर मोजून पाहिलं, शेवटी सड्यावरच्या मोकळ्या माळावर जाऊन जांभ्याच्या कातळावर खडूनं आखून पाहिलं. उत्तर तेच. वहिनीच्या गडग्याचा तीन हात कोपरा काढल्याशिवाय ट्रॉली वर जाणार नव्हती.

गडग्याच्या एका दगडावरून आमच्या भागात भावाभावांची तोंडं दोन पिढ्या बंद राहतात. कोर्टात गेलेले गडगे मला माहीत आहेत. त्यामुळे मी विचारायला भीतभीतच गेलो. वहिनी ओटीवर पाय लांब करून चिंचेचे चिंचोके काढत बसली होती. मी म्हटलं, "वहिनी, गाडी वळायला तुमच्या गडग्याचा कोपरा अडतोय."

"मग काढा की," ती म्हणाली. "मला माहेरी न्यायला गाडी येणार न् मीच तिला अडवू काय? माझी मिरचीची चार रोपं हायत तिथं, ती तेवढी हलवते."

तेव्हा सांगायचं होतं. तिथे कुणी नव्हतं, तिच्या हातात चिंच होती, आणि माझ्याकडे पुरा वेळ होता. मी म्हणालो, "रोपं मी हलवून देतो." आणि दिली.

आमच्याकडे हद्दीचा दगड हलवायचा तर आधी नारळ ठेवून राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं की आम्ही काय करतोय, कशासाठी करतोय, आणि तू सांभाळून घे. जो ते घालतो तो एकेक वाक्य म्हणतो आणि भोवतीची माणसं दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते म्हणणं म्हणजे साक्ष. एरवी हे काम वाडीतल्या एखाद्या वयस्क पुरुषाचं, पण वहिनी म्हणाली, गडगा माझा, गाऱ्हाणं मीच घालणार.

मार्चमधली सकाळ होती. मी, बायको आणि दगड काढायला आलेले दोन गडी. वहिनी काठी टेकून वळणावर उभी राहिली, एवढा वेळ उभं राहणं तिला झेपत नव्हतं. तिनं नारळ कोपऱ्याच्या दगडावर ठेवला.

"बा म्हाराजा, आज ह्या गडग्याचा कोपरा माझ्या राजीखुशीनं काढतंय."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या भावजींची गाडी ह्या वाटेनं जाणार हाय, तिला सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

"त्या गाडीत मला आडवी निजवून माझ्या दादाकडे नेणार हायत. ती वाट सुखाची कर म्हाराजा."

गडी म्हणाले. बायको म्हणाली. आणि मीही म्हणालो. मी देवभोळा माणूस नाही, संध्याकाळचा दिवासुद्धा बायकोच लावते. पण साक्ष कळण्यासाठी देवभोळं असावं लागत नाही. मला नीट कळत होतं की मी चार माणसांसमोर, वहिनीच्या देखत, खोट्याला हो म्हटलं आहे. माझा आवाज इतरांपेक्षा मोठा लागला, तेही मला कळलं. मग वहिनीनं वाकता येत नसताना वाकून पहिला दगड स्वतःच्या हातानं काढला, आणि गड्यांनी तासाभरात बाकीचे काढले.

ट्रॉली आली ती देखणीच होती. निळा रंग, चाकांचे दोन आस, मान तर अशी सुबक की भाट्याच्या पुलावर लोक थांबून बघत होते. विद्यार्थी स्वतः ती घेऊन आला. वळणावर तो खाली उतरला, काढलेला कोपरा बघितला, आणि मला विचारलं, "बाईंना सांगितलंत ना?" मी म्हटलं, "हो." त्याच्याशी बोललेलं हे दुसरं खोटं.

एप्रिलात, मोसमाच्या भर गर्दीत, कॅम्पर ट्रॉलीवर पक्का करून मी आणि बायको एक दिवस आरे-वारेच्या किनाऱ्याला जाऊन आलो. चाचणी म्हणून. डोंगराच्या अंगाला रस्त्याकडेला गाडी लावली, ओटीवर खुर्च्या टाकल्या, खाली वाळूच्या दोन पुळणी आणि मधे कातळाची सोंड. बायकोनं शेगडीवर चहा केला. पर्यटक येऊन फोटो काढत होते, मी त्यांना भार आणि आस समजावत होतो. इतकं सुख मला निवृत्तीच्या सत्कारातही झालं नव्हतं, हे कबूल करतो. घरी आल्यावर वहिनीनं विचारलं, "बाकावर पाठ दुखली काय हो?" मी सांगितलं की बिलकुल नाही, मऊ आहे. तेवढं खरं होतं.

मे संपत आला, शेवटच्या पेट्या गेल्या, आणि निघायचा दिवस ठरला. ठरवला तो वहिनीनं आणि तिच्या भावानं, फोनवर. मला फक्त कळवलं. आदल्या दिवशी तिनं गोधडी कॅम्परच्या बाकावर अंथरून ठेवली. अगदी मापात बसली होती.

सकाळी मी मान जोडून गाडी वळणावर आणून उभी केली. वहिनी नऊवारी नेसून, काठी घेऊन, अंगणात तयार. बरोबर दादासाठी आढीतले निवडून पिकवलेले आंबे, फणसपोळी, आणि कोकमं. ती सरळ कॅम्परच्या दाराकडे निघाली आणि बायको तिला धरून चढवायला पुढे झाली.

"वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही पुढे बसा. माझ्या शेजारी."

"पुढं? पाय कुठं ठेवू?"

"ट्रॉली चालू असताना मागे माणूस बसवायला बंदी आहे."

हे मी पट्टीनं रेघ मारल्यासारखं सरळ म्हटलं. वहिनीला आधी समजलं नाही. बायकोला समजलं. तिनं विचारलं, "हे तुम्हाला आज कळलं?" मी गाडीचा आरसा पुसायला लागलो. तिनं वळणाकडे पाहिलं, काढलेल्या कोपऱ्याकडे, आणि हातातली पिशवी घराच्या ओटीवर ठेवून दिली. तीन माणसं आणि एक सरळ पाय केबिनमध्ये मावणारच नव्हते. नंतर आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही.

वहिनी मात्र म्हणाली, "असू दे. दादाला येते म्हणून सांगितलंय. मी बसतंय पुढं."

आम्ही दोघंच निघालो. सीट मागे सारून, दोन उशा लावून, पाय तिरका डॅशबोर्डखाली घातला होता. गोळपपर्यंत ती बोलत होती, दादा लहानपणी कसा झाडावरून पडला होता ते सांगत होती. भाट्याच्या पुलावर तिनं दाराच्या वरची कडी धरली. रत्नागिरी मागे पडल्यावर बोलणं थांबलं. मी विचारलं, थांबवू का. म्हणाली, नको, अजून हाय दम. हातखंब्याला हायवेला लागलो तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं आणि ब्रेक दाबला. तिच्या कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या, ओठ पांढरे पडले होते.

तिला उतरवून मागे नेली आणि बाकावर, तिच्याच गोधडीवर निजवली. बाजूनं ट्रक जात होते. तिनं डोळे मिटले. दहा मिनिटांनी चेहऱ्यावर जरा रंग आला. मग तिनं हात फिरवून फळीचं माप घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि हसली.

"अगदी बरोबर हाय हो. हितं मी दापोलीच काय, मुंबईला जाईन." मग हळूच म्हणाली, "भावजी, मी अशीच निजून येते. कोणाला कळतंय? कोण बघायला येतंय?"

पुढे तीन-चार तासांचा रस्ता होता, कामथ्याचा घाट होता, परशुरामचा घाट होता. मागे काही झालं तर मला हाक येणार नव्हती. मी नाही म्हटलं. त्या दिवशी तेच योग्य होतं आणि आजही मी तेच म्हणेन. पण तीन महिने जो नियम मी खिशात घालून फिरलो तो नेमका तिनं पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं तेव्हा बाहेर काढला. नऊ वर्षांचा असल्यापासून मीच तिच्याकडे मागत आलो होतो. तिनं कधी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

तिनं गोधडीची दुमडलेली कड सारखी केली. "मग परत फिरवा," म्हणाली. "माझ्यानं बसवणार न्हाय."

परत येताना तिला मागे निजवायला मी तीन वेळा थांबलो. एक तासाचा रस्ता, अडीच तास लागले. मी बोलायचा प्रयत्न केला. म्हटलं, पावसाळा संपला की हौद्यातला गोळा काढतो, कॅम्पर हौद्यात बसवतो, दिवाळीनंतर नक्की जाऊ. ती म्हणाली, "व्हय, व्हय. त्यात काय." मी हे आधीच का केलं नाही, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

घरी तिला खाटेवर टेकवली. बायको पाणी आणायला आत गेली आणि तेवढ्यात फोन वाजला. वहिनीला उठता येईना, म्हणून मीच स्पीकर लावून फोन तिच्या उशाशी धरला.

"बाय, कुठवर आलीस? हितं सगळी जेवायची थांबलीयत. फणसाची सांदणं केलीयत तुझ्यासाठी."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माझं नाक पुसलंय की नाही ते बघायची तसंच.

"दादा, मी निघालेच न्हाय रे," ती म्हणाली. "भावजी सकाळपासून गाडी जोडून दारात उभे. आत मऊ बिछाना घातलाय, पाय लांब करायला जागा. त्यांनी काय कमी ठेवलं न्हाय. माझंच मन होईना. आढी घातलीय, घर टाकून यावंसं वाटलं न्हाय. मीच नको म्हटलं."

मग तो म्हणाला, "तुला यावंसं वाटलं न्हाय."

"न्हाय रे. पुढं बघू."

"बरं बाय. तुझी मर्जी."

मोबाइल माझ्या हातात होता. मी तो माझ्या तोंडाकडे नेऊन एवढंच म्हणायचं होतं की ती निघाली होती, हातखंब्यापर्यंत आली होती, चूक माझी आहे. तिच्या माहेरी दिराची मान खाली जाऊ नये म्हणून ती स्वतःच्या आजारी भावाशी खोटं बोलत होती आणि मी फोन धरून उभा होतो. तिकडून फोन ठेवला गेला. वहिनी म्हणाली, "भावजी, उन्हातनं आलात. चहा घेऊन जा." मी चहा घेतला.

त्यानंतर रविवारचे फोन कमी झाले. भाऊ बोलायचा, पण ये म्हणायचा नाही. जूनमध्ये मला वाटलं की त्याला स्वतः फोन करून सांगावं. जुलैतही वाटलं. म्हटलं, दिवाळीनंतर तिला घेऊनच जाऊ, मग समोर बसून सांगू, फोनवर कशाला.

गणपतीच्या आधी तो गेला. कळवायला त्याच्या मुलाचा फोन आला तो माझ्याच मोबाइलवर, आत्याला हळूहळू सांगा म्हणून. मी विचारलं, शेवटी काही बोलले का. मुलगा म्हणाला, फारसं नाही, एवढंच म्हणायचे की बायला आता माहेराची ओढ राहिली नाही, म्हातारपणी असंच होतं, तिला दोष देऊ नका.

मी खाली वहिनीकडे सांगायला गेलो. तो गेल्याचं तिला सांगितलं. तो काय म्हणायचा ते अजून सांगितलेलं नाही.